जास्तीचं प्रोटीन लघवीतून निघून जातं का?

तुमचं वजन 65 किलो, जिमला जाता, दिवसाला तीन स्कूप व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर), सहा अंडी आणि पाव किलो पनीर खाता. 'जास्तीचं लघवीतून निघून जाईल ना?' असं विचारलंत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि हे वाक्य रोज कानावर येतं. प्रोटीन तसं बाहेर जात नाही. निरोगी माणसाच्या लघवीत प्रोटीन जवळपास नसतंच.

तुमच्या या तीन गोष्टींचंच प्रोटीन दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं, डाळ-पोळी वेगळी. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे 1.6 ग्रॅम धरलं तरी तुम्हाला साधारण 105 ग्रॅम पुरतं. उरलेलं साठवायला शरीरात कोठार नाही. चरबी साठते, साखर थोडीफार यकृतात आणि स्नायूंत साठते. प्रोटीन पचून त्याची जी अमिनो आम्लं होतात, त्यांच्यासाठी तशी सोयच नाही. मग यकृत त्यांच्यातलं नत्र काढून घेतं. नत्र काढल्यावर उरतो तो भाग चक्क इंधन म्हणून जळतो, त्यातल्या काहीची साखर होते, आणि एकूण खाणंच जास्त असेल तर अंगावर चरबी वाढते. म्हणजे महागडा डबा आणून त्याचं काम भातासारखंच करून घेतलं!

काढलेल्या नत्राचा आधी अमोनिया होतो. तो मेंदूला विषारी, म्हणून यकृत लगेच त्याचा युरिया करतं. अमोनियाचा युरिया करण्याचं हे चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट या शास्त्रज्ञांनी 1932 मध्ये उलगडलं. शेतात टाकतो तोच हा युरिया, ज्याच्या गोणीवर 46 टक्के नत्र लिहिलेलं असतं. तुमच्या जास्तीच्या 50 ग्रॅम प्रोटीनमागे रोज सुमारे 17 ग्रॅम युरिया तयार होतो. लघवीतून जातो तो हा, आणि त्याला पाणी लागतं.

माझ्या भाच्याचं असंच झालं. रिपोर्टवर युरिया 52, शेजारी लाल खूण, पोरगं घाबरलं. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय हे सांगणारं क्रिएटिनीन मात्र 0.9, म्हणजे नॉर्मल. रोज भरपूर व्हे आणि पाणी जेमतेम. डॉक्टरांनी खाणं आटोक्यात आणून पाणी वाढवायला सांगितलं, महिन्याभरात युरिया 34 वर आला.

निरोगी मूत्रपिंडं एवढं काम पेलतात. पण मधुमेह, रक्तदाब किंवा घरात किडनीचा आजार असेल, तर आधी क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) तपासून घ्या. आणि लघवीला रोज टिकून राहणारा फेस येत असेल तर 'जास्तीचं निघून चाललंय' असं अजिबात समजू नका. मूत्रपिंडाची गाळणी गळत असल्याची ती खूण असू शकते, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.