प्रयोगशाळेतला भ्रूण कमकुवत असतो का?

प्रश्न : आमच्या गवळाऊ गायींसाठी गर्भाशयातून काढलेला भ्रूण घ्यावा की प्रयोगशाळेत तयार केलेला? – एक पशुपालक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : वंशगुण दोन्हींत दाता गाय (जिचे स्त्रीबीज घेतले ती) व वळूचेच असतात, फरक भ्रूणाच्या प्रतीत पडतो आणि तो फलनानंतर सातव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. गायीच्या पोटात वाढलेला भ्रूण उजळ व घट्ट पेशींचा असतो, तर प्रयोगशाळेतल्या भ्रूणाच्या पेशींत मेदाचे थेंब अधिक साठल्याने तो काळपट दिसतो. हाच मेद गोठवताना नडतो, त्यामुळे असा गोठवलेला भ्रूण वापरल्यास गाय गाभण राहण्याची शक्यता कमी होते. म्हणून शक्यतो ताज्या भ्रूणाचेच रोपण, तेही वाहक गाय (जिच्या गर्भाशयात भ्रूण ठेवायचा ती) माजावर आल्यापासून सातव्या दिवसाच्या आसपास, करून घ्यावे. बहुतेक वासरे धडधाकट निपजतात. क्वचित वासरू अवाजवी मोठे होऊन गाय अडते, तेव्हा विण्याच्या वेळी पशुवैद्यक हाताशी असावा.