कुत्र्याला गहू आणि चिकन सोसत नसेल तर घरी कोणता खाऊ भाजून देता येईल?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या साडेतीन वर्षांच्या बीगलला वर्षभर खाज सुटते, रक्ततपासणीत गहू आणि चिकन 'पॉझिटिव्ह' आलं, म्हणून दुकानातली सगळी बिस्किटं बंद केलीत. आता तो रिकाम्या डब्यापाशी जाऊन बसतो, ते बघवत नाही. घरी काही भाजून देता येईल का?

येईल. मी नाशिकला राहते. आमची लॅब्रॅडॉर बुंदी आता सात वर्षांची आहे आणि गेली चार वर्षं तिचा खाऊ मी घरीच करते. कृती खाली देतेच, पण आधी त्या तपासणीबद्दल लिहिते. तिच्यामुळेच बुंदीचं अख्खं एक वर्ष खाजवण्यात गेलं.

ती तीन वर्षांची असताना पंजे चाटायला लागली. रात्री दिवे मालवले की अंधारात तो चपचप आवाज सुरू व्हायचा. तिचा रंग फिका पिवळा, त्यामुळे बोटांच्या मधले केस लाळेने गंजल्यासारखे तांबूस झालेले लगेच दिसले. मग कान. महिन्याआड कानातून कुबट वास, औषध घातलं की दहा दिवस बरं, पुन्हा तेच. आम्हीही रक्ततपासणी केली. अहवालात अकरा पदार्थ लाल रंगात होते. चिकन, अंडं, तांदूळ, गाजर, काय काय! आम्ही सगळे बंद केले. बुंदी वाळली, खाज तशीच राहिली.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी तो अहवाल वाचलाही नाही. अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही, निरोगी कुत्र्याच्या रक्तातही त्या खुशाल 'पॉझिटिव्ह' दाखवतात, हे त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. खात्रीची पद्धत एकच: कुत्र्याने जन्मात खाल्लेलं नाही असं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडायचा, आठ आठवडे फक्त तेवढंच द्यायचं आणि मग जुने पदार्थ एकेक करून परत आणून बघायचे. ज्यांना अन्नाचा त्रास आहे अशा दहातल्या नऊ कुत्र्यांना आठ आठवड्यांत फरक पडतो. त्याआधी पिसवा आणि गोचीड यांचा बंदोबस्त हवा, कारण खाजेचं कारण पुष्कळदा तिथेच असतं.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासा शिजला नव्हता, म्हणून बुंदीनेही तो कधी खाल्ला नव्हता. डॉक्टरांनी नेमका मासाच निवडला. बिनकाट्याचे बासाचे तुकडे आणि उकडलेलं रताळं. सासूबाईंनी गच्चीवर वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं ठेवून दिलं आणि पहिले दोन दिवस स्वतः शेजारी उभ्या राहून बुंदी खाते की नाही ते बघितलं. पाचव्या आठवड्यात रात्रीचा तो आवाज थांबला. सहाव्या आठवड्यात कान कोरडे झाले.

मग एकेक पदार्थ परत. प्रत्येकाला दोन आठवडे, वहीत रोजची नोंद. चिकन: काही नाही. अंडं: काही नाही. तांदूळ, गाजर: काही नाही. दूध दिलं आणि चौथ्या दिवशी कान लाल. ते शांत होऊ दिलं, मग पोळी दिली. सहाव्या दिवशी पंजे चाटणं सुरू. रोज संध्याकाळी आम्ही तिला अर्धी पोळी दुधात कुस्करून द्यायचो. लहानपणापासून. तिच्या वाटीत सगळ्यात मायेने जे पडत होतं, त्यानेच तिला त्रास होत होता, हे कळलं त्या दिवशी मला रडू आलं होतं.

हे इतकं लांबण लावून सांगतेय, कारण तुम्ही ज्या चिकनला दोष देताय ते कदाचित निर्दोष असेल आणि रोजचं दही चुपचाप बाजूला बसलेलं असेल. अन्नाची ॲलर्जी पक्की ठरलेल्या 297 कुत्र्यांच्या नोंदींचा एक आढावा 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस 34 टक्के, दुधाचे पदार्थ 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के असं निघालं. आपल्याकडे बहुतेक कुत्र्यांच्या वाटीत गोमांस नसतंच. ते वगळा, मग उरतं दूध, चिकन, गहू. म्हणजे आपल्या घरातल्या कुत्र्याचं रोजचं ताट!

तेव्हा अजून ती आठ आठवड्यांची चाचणी केली नसेल तर आधी ती करा. जवळ त्वचेचं बघणारे व्हेट नसतील तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. चाचणीच्या काळात खाऊ म्हणजे चाचणीतलेच दोन पदार्थ, तिसरं काही नाही. आम्ही रताळ्याच्या अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करून ओव्हनमध्ये 100 अंशांवर अडीच-तीन तास वाळवायचो. चिवट होतात, कुत्रं मन लावून चावत बसतं. आणि एक जागा सगळे विसरतात: गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव लावलेली असते, कुत्र्यांच्या टूथपेस्टलाही असते. डॉक्टरांना विचारून त्या दोन महिन्यांपुरता दुसरा पर्याय घ्या.

आता बिस्किटं.

गहू काढला की पहिली अडचण येते ती पीठ धरून न राहण्याची. मी सुरुवातीला इंटरनेटवरच्या कृती बघून ज्वारीचं पीठ तसंच भोपळ्यात कालवलं. लाटताना कडा फाटल्या, भाजल्यावर भुगा. उपाय सासूबाईंनी सांगितला आणि तो आपल्या भाकरीतलाच आहे. जुन्या पिठाची विरी गेली की आपण उकळतं पाणी घालून पीठ मळतो ना, तसंच इथेही करायचं. उकड काढली की ज्वारीतला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि गव्हातल्या ग्लुटेनचं काम तो करतो. अंडं नको, मैदा नको, काही नको.

माझं प्रमाण असं. पाऊण वाटी लाल भोपळ्याचा गर, उकडून, निथळून. एक वाटी पाणी उकळायचं, त्यात एक मोठा चमचा खोबरेल (खायचं, घाण्यावरचं) आणि तो गर घालायचा. चांगली उकळी आली की दोन वाट्या ज्वारीचं पीठ एकदम टाकून उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, गॅस बंद, झाकण, दहा मिनिटं. मग परातीत काढून कोमट असतानाच मळायचं. भोपळ्याला कमी-जास्त पाणी सुटतं, म्हणून थोडं पीठ हाताशी ठेवा. गोळा हाताला चिकटेनासा झाला आणि दाबल्यावर कडेला भेगा पडल्या नाहीत की झालं. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये अर्धा सेंटीमीटर जाड लाटा आणि शंकरपाळ्याच्या कातण्याने नखाएवढे चौकोन कापा. मीठ, साखर, गूळ, मसाला काहीच नाही. तूपही नाही, कारण तुपात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो.

ओव्हन 150 अंशांवर, 35 ते 40 मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. त्यानंतरचा तास महत्त्वाचा: ओव्हन बंद करून तुकडे आतच राहू द्यायचे. मोडून बघा, आत ओलसर मऊपणा असेल तर अजून वाळवा. पावसाळ्यात मी हे दोनदा करते. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा मिनिटं. रंग कमी येतो, बुंदीला फरक पडत नाही.

मांसाचा वास हवा असेल तर पाण्याऐवजी, जे सोसतं हे चाचणीत ठरलंय, त्याचं मीठ न घातलेलं सूप वापरा. मासा किंवा बोकडाचं मटण. मटणाचा बारीक शिजवलेला खिमा पाव वाटी पिठात मळला तरी चालतो, फक्त मग ही बिस्किटं फ्रिजमध्ये चार दिवसच. नुसती ज्वारी-भोपळ्याची आठवडाभर टिकतात, बाकीची फ्रीझरमध्ये. एका बिस्किटात एकच पीठ आणि एकच प्रथिन ठेवा. ज्वारी, नाचणी, ओट्स, बेसन असं सगळं 'पौष्टिक' म्हणून एकत्र केलंत आणि खाज उठली, तर कशामुळे उठली ते कधीच कळणार नाही.

या वळणावर माझी एक चूक झाली. सगळं नीट जमल्यावर तीन महिन्यांनी बुंदी पुन्हा पंजे चाटायला लागली. वही चाळली, नवीन काही सापडेना. शेवटी लक्षात आलं की त्या आठवड्यात ज्वारी दळायला मी रविवारी संध्याकाळी गेले होते, आणि माझ्या आधी गव्हाचे पाच डबे लागले होते. गिरणीच्या तोंडाच्या कापडी बाहीत अडकलेला गहू आधी माझ्या पिठात उतरला. गिरणीवाल्या काकांची यात काही चूक नाही. मी सांगितलंच नव्हतं. आता मी सांगते, "काका, ज्वारीवरच टाका", आणि पहिलं अर्धा किलो पीठ वेगळ्या पिशवीत घेऊन घरच्या भाकरीला वापरते. त्यानंतर हा त्रास परत झालेला नाही. तयार पाकीट घेणार असाल तर त्याच कारखान्यात गहू दळला जातो का, ते पाकिटावर वाचा.

आता काय घालायचं नाही ते. कांदा, लसूण आणि चॉकलेट तुम्हाला माहीत असेल. जायफळ बहुतेकांना माहीत नसतं, आणि आपण गोडाला हात लावला की ते आपोआप किसलं जातं. 'शुगर फ्री' लिहिलेल्या पीनट बटरमध्ये साखरेऐवजी गोडीसाठी वापरतात ते झायलिटॉल असू शकतं. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते, यकृतही निकामी होऊ शकतं. शेंगदाणे घरचेच कुटा, पण खवट किंवा बुरशी आलेला एकही दाणा नको, त्यातलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याला फार बाधतं. आणि द्राक्षं, मनुका, बेदाणे. मी नाशिकची, आमच्याकडे हे घराघरात पसरलेलं असतं, म्हणून जास्त कळकळीने लिहिते. थोड्या मनुकांनीही काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. त्यातलं टार्टरिक आम्ल याला कारणीभूत असावं, असं अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी 2021 मध्ये मांडलं. हेच आम्ल चिंचेत असतं आणि बेकिंगच्या सामानातल्या 'क्रीम ऑफ टार्टर'मध्येही. या बिस्किटांना फुगवायची गरजच नाही, तेव्हा बेकिंग पावडरचा डबा ओट्यावर काढूच नका.

किती द्यायची? दिवसभराच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको. बीगल पटकन सुटतो, म्हणून तुकडे नखाएवढे सांगितले. कुत्र्याला तुकड्याच्या आकाराशी घेणं नसतं, कितीदा मिळालं याच्याशी असतं. आणि खाऊत गहू नाही म्हणून मुख्य जेवणही 'धान्यविरहित' करायला जाऊ नका. वाटाणा, मसूर यांचा भरणा असलेल्या धान्यविरहित खाद्यांचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध आहे का, याची तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये सुरू केली. ज्वारी आणि तांदूळ सोसत असतील तर ते काढायचं कारण नाही.

सगळ्यात अवघड काय होतं सांगू? सोसायटी. खालच्या आजोबांच्या खिशात कायम ग्लुकोज बिस्कीट, आणि बुंदी त्यांना लांबून ओळखायची. त्यांना नाही म्हणताना माझाच जीव तुटायचा. शेवटी बिस्किटांचा एक छोटा स्टीलचा डबा त्यांच्याकडे दिला, एक वॉचमनकाकांकडे, वर चिकटपट्टी लावून 'बुंदी' लिहिलं. दर रविवारी भरून देते. आजोबा आता सकाळी खिशात दोन चौकोन घेऊनच खाली उतरतात.

तुमच्या बीगलचं वजन, सध्याचं जेवण आणि आजवर त्याने कोणकोणतं मांस-मासे खाल्लेत ते खाली लिहा. त्यावरून पहिल्या घाण्यासाठी काय निवडता येईल ते सांगते, मग ते तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.