अकरा मिनिटांच्या व्हॉइस नोटला उत्तर

प्रिय बाळ,

तुझी अकरा मिनिटांची व्हॉइस नोट ऐकली. दोनदा ऐकली, एकदा कापूरबावडीला टीएमटीच्या बसमध्ये अडकले होते तेव्हा आणि परत रात्री ओटा आवरल्यावर. टाइप करायला मला वेळ लागतो हे तुला माहितीये आणि बोलायला गेले तर तू मध्येच तोडतेस, म्हणून हे लिहितेय, सावकाश वाच, ऐरोलीला उतरायचं विसरू नकोस म्हणजे झालं.

तर तुझं म्हणणं असं की व्हिएतनामला आठ दिवस आणि एवढे पैसे घालवून काहीच ‘ऑथेंटिक’ मिळालं नाही. होई आन म्हणजे सेट लावलाय, कंदील फक्त फोटोसाठी, पाण्यावरच्या बाहुल्यांचा शो टुरिस्ट लोकांसाठी, ‘हा लाँग बे’च्या खाडीत बोटींचंच ट्रॅफिक. वर टॅक्सीवाल्याने लुटलं, बस तीन तास लेट, आणि पाऊस. तुझ्या आईला वाटलं मी तुझी समजूत काढेन. नाही काढणार. बावीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून लोकांच्या समजुती काढल्या, आता रिटायर आहे मी.

मला आधी एक सांग, उद्या हनोईहून तुझ्यासारखीच एखादी मुलगी ठाण्याला आली, खरं ठाणं बघायचंय म्हणाली, तर तू तिला कुठे नेशील? तलावपाळीला नेशील, मिसळ खायला घालशील, तुझी आई कौतुकाने पुरणपोळी करेल जी तुमच्या घरात वर्षातून तीनदा होते. आणि खरं काय आहे? खरं म्हणजे तू सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये दीघ्याच्या आधीच दाराशी येऊन उभी राहतेस, दुपारी कॅन्टीनमध्ये शेजवान डोसा खातेस आणि रविवारी मॉलमध्ये एसीत फिरतेस. ती मुलगी म्हणाली की शी, हे काही ऑथेंटिक नाही, नऊवारीतल्या बायका कुठायत? तर तुला कसं वाटेल? तू हनोईत तेच केलंस ग. बांबूची टोपी घातलेली बाई नाही दिसली म्हणून हिरमुसलीस.

आता होई आन. ते गाव मुळात बंदर होतं बाळा. चारशे वर्षांपूर्वी तिथे जपानी आणि चिनी व्यापारी येऊन महिनोन्महिने राहायचे, तो तुझ्या डीपीतला जपानी पूल त्यातूनच आलाय. नंतर नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं आत येईनात, धंदा सगळा जवळच्या दा नांग बंदराला गेला आणि गाव मागे पडलं, म्हणून तर जुनी घरं पाडून टॉवर झाले नाहीत. १९९९ साली युनेस्कोच्या यादीत आलं आणि परत बाहेरची माणसं यायला लागली. म्हणजे बाहेरून आलेल्याला माल विकणं हाच त्या गावाचा पिढीजात धंदा, आधी रेशीम आणि चिनी मातीची भांडी, आता कंदील आणि चोवीस तासांत शिवून मिळणारे ड्रेस. तू विचारतेस हे लोक टुरिस्ट नसताना काय करत असतील? गिऱ्हाइकाची वाट बघत असतील, दुसरं काय!

आणि बाहुल्यांचा शो. तू म्हणालीस ‘पन्नास मिनिटांचा टाइमपास’. मी तो शो निदान सहा वेळा पाहिलाय, हनोईतल्या होआन कियेम तलावाशेजारच्या त्याच थिएटरात, आणि पहिल्या पाच वेळा मीही घड्याळच बघत होते, पुढे डिनरचं बुकिंग असायचं ना. सहाव्यांदा शेवटाकडे नीट पाहिलं. बांबूचा पडदा बाजूला होतो आणि बाहुल्या नाचवणारी माणसं बाहेर येऊन वाकून नमस्कार करतात, आणि ती सगळी कमरेपर्यंत पाण्यात असतात. पूर्ण शोभर. तांबड्या नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीत पाणी साचायचं त्यात हा खेळ सुरू झाला, त्याला हजारेक वर्षं झाली. आता शेत नाही, टाकी आहे, पण पाणी पाणीच आहे आणि ते लोक दिवसातून चार-पाच खेळ करत असतील तर तेवढ्या वेळा भिजत असतील. आपल्याकडे कोकणात पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ कोणी तिकीट काढून बघायला आलं तर आपण त्याला खोटा म्हणू का? उलट म्हणू, बरं झालं, चार पैसे मिळतायत, पोरं शिकतील.

तुझा तो ड्रेस आहे ना होई आनचा, तो उलटा करून शिवण बघ जरा. टूर मॅनेजरचं काम काय असतं माहितीये का, शिवण दिसू न देणं. गेस्टना फक्त सुलट बाजू दिसली पाहिजे, सकाळी सातला पोहे तयार, बस दारात, गाइड हसतमुख, पासपोर्ट मोजलेले. माझ्या ग्रुपमधल्या लोकांना वाटायचं युरोप म्हणजे लोण्यासारखं. आणि एखाद दिवशी शिवण उसवली की बोंबाबोंब.

पॅरिसचीच गोष्ट सांगते. जून महिना, तिथे दहा वाजेपर्यंत उजेड. अंधार पडला की आयफेल टॉवर दर तासाला पाच मिनिटं चमचमतो, ते सगळ्यांना बघायचं होतं. पण आमचं इंडियन रेस्टॉरंटमधलं डिनर लांबलं, कोणाला जिलबी परत हवी, कोणाला बिनकांद्याची भाजी, आणि आम्ही बसमध्ये चढलो तर ड्रायव्हर म्हणाला सरळ हॉटेल. युरोपात बसवाल्याचा कायदा फार कडक. दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, साडेचार तासांनी पंचेचाळीस मिनिटांचा ब्रेक, आणि दोन दिवसांच्या मध्ये अकरा तास सलग विश्रांती, ती आठवड्यात तीनदाच नऊवर आणता येते आणि ती तिन्ही वेळा आमच्याचमुळे वापरून झालेली. गाडीत मशीन असतं, त्यात सगळं नोंदलं जातं, पकडला गेला तर दंड. डोंबिवलीचे एक काका असे भडकले, ‘पैसे मोजलेत आम्ही, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे’. ड्रायव्हर पोर्तुगीज होता, त्याला मराठी काय कळणार पण सूर कळला. त्याने शांतपणे मशीनमधलं कार्ड काढून काकांच्या हातात ठेवलं आणि खुणेने म्हणाला, तुम्ही चालवा.

मी पण तेव्हा त्याच्यावर वैतागलेच होते. नंतर हॉटेलच्या बाहेर तो सिगरेट ओढत उभा होता तेव्हा विचारलं, तर म्हणाला की त्याचा मोठा भाऊ ट्रक चालवायचा, तेव्हा एवढी सक्ती नव्हती, आणि गाडी चालवतानाच झोप लागून तो गेला. बस. एवढंच बोलला आणि आत निघून गेला. आता सांग, आयफेलच्या दिव्यांनी मला युरोपबद्दल यापेक्षा जास्त काय सांगितलं असतं? (बाकी ज्यांना हौस होती त्या चौदा जणांना मी मेट्रोने घेऊन गेले, अकराचे दिवे मिळाले, आणि परत येताना एका काकांचं पाकीट मारलं गेलं. ते काका अजून माझ्याशी बोलत नाहीत.)

म्हणजे बघ, तिथल्या माणसांचा नियम आणि आपला प्लॅन जिथे एकमेकांना धडकतात तिथे जाम चिडचिड होते, पण तिथेच ते लोक कसे जगतात ते उघडं पडतं. इटलीत बसून कॉफी घेतली तर उभ्याने पिण्यापेक्षा महाग का, जर्मनीत रविवारी दुकानं बंद का, याच्यावर माझ्या ग्रुपनी जेवढा वाद घातलाय तेवढा विधानसभेत होत नसेल. वाद घाला हो, पण एकदा तरी ‘का’ विचारा त्यांना.

पण हे सगळ्याच त्रासांना लागू करू नकोस हां. तो एक नवीन आजार आलाय, प्रत्येक फजितीत काहीतरी शिकवण शोधायची. टॅक्सीवाल्याने लुटलं तर लुटलं, त्यात काही संस्कृती नाही, एअरपोर्टवरून ॲपने गाडी मागवायची आणि विषय संपवायचा. नोटांचा घोळ झाला म्हणालीस, तो सगळ्यांचाच होतो, डाँगची, म्हणजे तिथल्या चलनाची, वीस हजार आणि पाच लाखाची नोट दोन्ही निळ्या, दोन्ही प्लॅस्टिकच्या, शून्यं मोजता मोजता डोळे फिरतात. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, संपलं. पोट बिघडलं तर गोळी, झोप झाली नसेल तर त्या दिवशीचं म्युझियम रद्द. आणि कुठलाही देश वाईट आहे हे उपाशीपोटी ठरवायचं नाही, मी कित्येक वेळा ठरवलंय आणि जेवल्यावर परत घेतलंय.

जेवणावरून आठवलं. मी शाकाहारी, काका तुझे सगळं खातात. एका वर्षी दिवाळी आटोपून आम्ही दोघंच हनोईला गेलो होतो, ग्रुप नाही, काही नाही, मला वाटलं मी एवढी अनुभवी, मला काय होतंय. तीन दिवस केळी आणि पाव. भाजी सांगितली तरी त्यात फिश सॉस, सूप सांगितलं तर ते हाडांचं. तिसऱ्या दिवशी रात्री मी हॉटेलच्या खोलीत चक्क रडले, या वयात, खाकऱ्याचं पाकीट मांडीवर घेऊन. काका म्हणाले उद्याच परत जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत बघतो तर बायका दाराबाहेर पत्र्याच्या डब्यात कागद जाळतायत, खोट्या नोटा असतात त्या, पितरांसाठी. आणि कोपऱ्यावर जी बाई रोज डुकराचं मटण भाजायची तिच्या टपरीवर आज टोफू, मशरूम, कसल्या कसल्या पालेभाज्या. पाटीवर लिहिलेलं ‘कोम चाय’. मी म्हटलं चला, चहा तरी मिळेल. चहा नव्हताच तो, त्यांच्या भाषेत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी! त्यांच्याकडे चांद्र महिन्याच्या एक तारखेला आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला म्हण, बरेच लोक मांसमच्छी खात नाहीत. माझ्या एकदम डोक्यात आलं की आज त्रिपुरी पौर्णिमा, ठाण्यात असते तर कौपिनेश्वराला गेले असते. मी आकाशाकडे बोट दाखवून हाताने गोल केला, मग जेवणाची खूण केली आणि हात जोडले. ती बाई एवढी हसली, तिने शेजारणीला हाक मारून मला दाखवलं, बघा बघा ही पण पाळते. मग भात, त्यावर सगळं थोडं थोडं, आणि पैसे देताना मी तीच चूक केली, वीस हजार समजून पाच लाखाची नोट दिली. तिने ती माझ्या डोळ्यांसमोर धरली, शून्यं एकेक बोटाने मोजली, मला मोजायला लावली, आणि परत दिली.

त्या बाईला मी पाच दिवस रोज भेटले. पौर्णिमा संपल्यावर परत मटण सुरू झालं, पण ती माझ्यासाठी बाजूला एका छोट्या तव्यात टोफू करायची. ‘तोय आन चाय’, मी शाकाहारी आहे, हे तिनेच म्हणायला शिकवलं, माझा उच्चार ऐकून दर वेळी हसायची. हे झालं कारण परतीचं तिकीट बदलायला जास्त पैसे पडत होते, माझ्या शहाणपणामुळे नाही. पण तेव्हापासून मी तरुण मुलांना एकच सांगते, एका गावात निदान चार रात्री राहा आणि रोज त्याच टपरीवर जा. तुम्ही आठ दिवसांत पाच शहरं केलीत ग, रोज सकाळी बॅगा भरायच्या, कोण कशाला ओळख देईल तुम्हाला, बसवाला पण नाही.

‘मी सोन’ नावाच्या जागी शंकराची देवळं बघून तू भावुक झालीस, ते छान. तिथल्या जुन्या चाम राजांची आहेत ती, चौथ्या शतकापासूनची, १९६९ च्या अमेरिकन बाँबहल्ल्यात बरीच पडली, डागडुजीला आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोकही गेले होते, २०२० मध्ये तिथे खणताना अखंड शिवलिंग मिळालं. पण ‘मावशी, इथेच फक्त खरं वाटलं’ असं म्हणालीस ना, तेव्हा मला जरा हसू आलं. ते खरं वाटलं की ओळखीचं वाटलं, विचार कर.

पुढच्या ट्रिपचं प्लॅनिंग करायला रविवारी ये घरी, पोहे करते. उरलेले डाँग असतील तर आण, मला ती पाच लाखाची नोट परत एकदा बघायचीये.

आणि हो, एक राहिलंच. तुझ्या व्हॉइस नोटमध्ये सातव्या मिनिटाला, तू बसला शिव्या घालतेयस, मागे पावसाचा आवाज, आणि मध्येच कोणीतरी बाई काहीतरी बोलते. मग प्लॅस्टिकचं स्टूल ओढल्याचा आवाज येतो, तू दोनदा थँक्यू म्हणतेस, बसतेस, कप ठेवल्यासारखं काहीतरी वाजतं, आणि लगेच परत बसवर घसरतेस. ती बाई कोण होती? तिने काय दिलं प्यायला? अकरा मिनिटांत तिच्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. रविवारी आधी ते सांग.

तुझी,
मावशी