लॉगलाइन: आधी माणूस, मग अडचण

मित्रा, लॉगलाइन म्हणजे सिनेमाची गोष्ट एका वाक्यात. तू लिहिलेल्या ‘नागपुरातल्या तरुणाचा स्वतःच्या शोधाचा प्रवास’ यातून मला काहीच दिसत नाही. कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय, एवढंच 25-30 शब्दांच्या आत सांग. हे बघ: ‘बहिणीच्या लग्नासाठी बाग विकायला निघालेल्या काटोलच्या संत्रा बागायतदाराला, सातबाऱ्यावर नाव असलेला, मेला समजलेला चुलता कळमना मार्केटात हमाली करताना सापडतो.’

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पात्राचं नाव लिहितात. पेशा आणि नड लिही.
- शेवट सांगून टाकतात.

दुसऱ्याची लॉगलाइन वाचून नुसतं ‘छान’ म्हणू नकोस, कुठल्या शब्दाला अडखळलास ते सांग. थीम, टॅगलाइन (पोस्टरवरची ओळ) सध्या राहू दे. फुटाळा तलावावर चहा घेताना तुझी लॉगलाइन मित्राला ऐकव. त्यानं ‘मग काय झालं बे?’ विचारलं, की पटकथेला बस.