बायोडिझेल परवडत नाही? आधी ग्लिसरिनची पिंपं बघा

प्रश्न (जुन्नर तालुक्यातील शेतकरी गट): पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ढाब्यांचं तळणाचं तेल आणि बांधावरच्या करंजाचं तेल वापरून आम्ही इंजिनापुरतं बायोडिझेल करतो. खर्च निघत नाही. तळाला उरलेल्या काळ्या ग्लिसरिननं पिंपं भरलीत. ते जनावरांना चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. त्यात मिथेनॉल, म्हणजे बायोडिझेल करताना तेलात घातलेलं अल्कोहोल आहे, विषच ते. वर ग्लिसरिन चवीला गोड, गाय आवडीनं चाटेल. गोठ्याजवळची पिंपं आजच हलवा.

तुमचा पैसा मात्र त्याच पिंपांत अडकलाय. १०० किलो तेलाला साधारण २२ किलो मिथेनॉल घालतात. त्यातलं ११ किलोच प्रत्यक्ष कामी येतं. उरलेल्यातलं बरंचसं ग्लिसरिनबरोबर खाली बसतं. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं. बंद टाकी गरम पाण्यानं तापवायची, वाफ थंड नळीतून उतरवायची, की ते पुढच्या खेपेला वापरता येतं. फक्त त्यात पाणी शिरू देऊ नका. हा संच जाणकाराकडूनच बसवून घ्या. घरच्या पातेल्यावर, चुलीवर हा उद्योग नको; मिथेनॉलची ज्वाला उन्हात दिसतसुद्धा नाही.

तेल आणि मिथेनॉलची क्रिया घडवायला कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो हे खरं, पण त्याचा गाळ शेतात गेला तर जमीन चोपण होते, म्हणजे सोडियम वाढून बिघडते. त्याऐवजी कॉस्टिक पोटॅश घ्या. वजनानं सुमारे दीडपट लागेल. मिथेनॉल काढून झाल्यावर ग्लिसरिनमध्ये बेतानं फॉस्फोरिक ॲसिड घातलं की पोटॅशियम फॉस्फेटचा गाळ बसतो, म्हणजे स्फुरद आणि पालाश दोन्ही. तो कंपोस्टात मिसळा. माझ्या मते महाग पोटॅशचा हिशेब इथे जुळतो.

राहिलेलं ग्लिसरिन गोबरगॅसला द्या. गॅस चांगला वाढतो, पण हावरटपणा नको. १०० किलो शेणकाल्याला अर्ध्या किलोपासून सुरुवात करा. एकदम ओतलं तर संयंत्र आंबतं आणि गॅसच बंद होतो.

ढाब्याचं तेल फार जळकं असेल तर साबण जास्त होतो, बायोडिझेल कमी मिळतं. असं तेल फुकट मिळालं तरी तपासल्याशिवाय घेऊ नका.

करंजाची पेंडही जनावरांना नको, ती शेतातच घाला. तिच्यात सुमारे ४ टक्के नत्र असतं. युरियाबरोबर दिली तर युरियाचं नत्र सावकाश लागू पडतं. उसाच्या भरणीला, म्हणजे बुडाला मातीची भर देताना, वापरून बघा.