तिसराही सोडून गेला, आता काय?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी चौथीत आहे. आमची शाळा दोन सत्रांत भरते, त्यामुळे साडेबाराला सकाळची मुलं बाहेर आणि दुपारची आत, एकाच फाटकातून. समोर चारपदरी रस्ता, झेब्रा पुसलेला. आम्ही पालकांनी वर्गणी काढून एका सिक्युरिटी एजन्सीकडून मुलांना रस्ता ओलांडून देणारा वॉर्डन ठेवला. जूनपासून तीन माणसं आली आणि गेली. महिना सात हजार देतो. पगार वाढवायचा की आमची निवडच चुकतेय? तुम्ही इंग्लंडमध्ये हेच काम केलंय, म्हणून विचारते.
– एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : पगार वाढवाच. पण तिसरा गेला तेव्हा त्याला कोणी विचारलं का, ‘बाबा रे, का चाललास?’ तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. माझा अंदाज असा की त्याला कुठेतरी बारा तासांची ड्यूटी मिळाली. तुमचं काम सात वाजता, साडेबाराला आणि साडेपाचला, दर वेळी पाऊण तास. मधल्या वेळात त्याने बसायचं कुठे, डबा कुठे खायचा, लघवीला कुठे जायचं? दूरच्या वस्तीतून दोन बस बदलून येणारा माणूस या वेळापत्रकात टिकत नाही, मग सात हजार द्या नाहीतर नऊ.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका शहरात अकरा वर्षं, मुलांसाठी गाड्या थांबवायची गोल पाटीची काठी धरून उभी होते. तिकडे हे काम करणाऱ्या बाईला लॉलीपॉप लेडी म्हणतात. आमच्या गल्लीतली गुजराती-मराठी पोरं ‘लॉलीपॉप आजी’ म्हणायची, तेव्हा मी बेचाळीसची होते! शाळेच्या काचेवर दोन महिने जाहिरात लागलेली होती आणि एकही अर्ज आलेला नव्हता. आधीच्या बाईंचे गुडघे गेले होते. मी रोज मुलाला सोडायला त्याच कोपऱ्यावरून जायची, त्यांनी मलाच धरलं. ‘तू तशीही येतेसच,’ म्हणाल्या.

माणूस असाच शोधायचा. एजन्सीला विचारू नका, फाटकावर उभं राहून बघा. नातवाला सोडायला येणारे आजोबा, समोरचा इस्त्रीवाला, शाळेतल्या मावशींची जाऊ, व्हॅनकाकांची बायको. दहा मिनिटांत पायी येता येईल, त्याच्या पलीकडचा माणूस घेऊ नका. आणि तासांना तास जोडता आले तर बघा. तिकडे माझ्या मैत्रिणी दुपारी त्याच शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम करायच्या, म्हणून त्यांना दिवस भरल्यासारखा वाटायचा. तुमच्याकडे शाळेने मधल्या वेळात मावशींचं काम दिलं, तर तीन तुकड्यांची एक नोकरी होईल.

आता अधिकाराचं. इंग्लंडमध्ये यासाठी १९५३ साली कायदाच झाला आणि जुलै १९५४ मध्ये तो लागू झाला. ठरलेला गणवेश घालून मी ती पाटी दाखवली की गाडीवाल्याला थांबावंच लागतं. नाही थांबला तर हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट. कोट घरी विसरला तर कायदाही घरीच राहिला! आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ११९ वं कलम वाहतूक पोलिसाचा इशारा पाळायला सांगतं. तुम्ही वर्गणीतून ठेवलेला माणूस पोलीस नाही, त्याच्या शिट्टीला तसं बळ नाही. हे त्याला पहिल्या दिवशी सांगा, नाहीतर तो पीएमपीच्या बससमोर छाती काढून उभा राहील. त्याने गाड्या अडवायच्या नाहीत. मुलं कडेला गोळा करायची, फट मिळाली की आधी स्वतः उतरायचं आणि मग घोळका न्यायचा. आरएसपीच्या, म्हणजे शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकाच्या पोरांनाही रस्त्यावर उतरवू नका, त्यांच्याकडून फाटकाच्या आत रांगा लावून घ्या.

खरं बळ हवं तर वाहतूक शाखेकडे अर्ज करा आणि सोबत आकडे न्या. तिकडे वॉर्डन हवा की नको हे ठरवायचं एक जुनं गणित आहे. गर्दीच्या अर्ध्या तासात रस्ता ओलांडणारी मुलं मोजायची, वाहनं मोजायची, वाहनांच्या संख्येचा वर्ग करून मुलांच्या संख्येने गुणायचं. उत्तर ४० लाखांच्या वर गेलं की माणूस द्यायचा. तुमच्याकडे ५० मुलं आणि ८०० वाहनं धरली तरी ३ कोटी २० लाख होतात. दोन पालकांनी आठवडाभर वहीत रेघा ओढल्या तर ‘फार गर्दी असते हो साहेब’ म्हणण्यापेक्षा अर्जाला वजन येईल. पांढरे पट्टे आणि गतिरोधकासाठी तोच कागद महापालिकेच्या पथ विभागात द्या.

माझ्यावर सोडायची वेळ एकदाच आली होती, आणि पगारामुळे नाही. मुलं अर्ध्या रस्त्यात असताना एक चंदेरी गाडी माझ्या काठीला वळसा घालून गेली. मी नंबर लिहून वर कळवला. पुढच्या महिन्यात तीच गाडी, तसाच वळसा. परत कळवलं. तिसऱ्यांदा त्याने काच खाली करून शिवीही दिली. वरच्या ऑफिसातून ना फोन, ना चिठ्ठी. मग मी नंबर लिहिणंच बंद केलं, आणि जानेवारीतल्या एका सकाळी वाटलं, आपण इथे कशाला उभ्या आहोत? नवीन बाई आल्या सुपरवायझर म्हणून. त्यांनी जुनी वही मागून घेतली, दोन सकाळी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि चंदेरी गाडीवाल्याच्या घरी पोलिसांचं पत्र गेलं. त्यानंतर मी आणखी सहा वर्षं काम केलं. तुमच्यातल्या एका पालकाचा नंबर त्या माणसाकडे असू द्या, आणि फोन उचला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आज वॉर्डन पाच मिनिटं उशिरा!’ लिहिणाऱ्यांचा नंबर मात्र देऊ नका.

बदली माणूस आधीच ठरवून ठेवा. वॉर्डनला ताप आला तर उभं कोण राहणार? उत्तर ‘कोणीच नाही’ असेल तर तो तापात येईल आणि एक दिवस कायमचा घरी बसेल. दोघांना शिकवा, महिन्यातले चार दिवस दुसऱ्याला द्या.

पैशाचं म्हणाल तर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत पगार कापत असाल तर ते आधी थांबवा. मे महिन्यात पोट भरायला दुसरीकडे गेलेला माणूस जूनमध्ये परत कशाला येईल? वर्षाची रक्कम बारा महिन्यांत सारखी वाटा. हजार वाढवण्याआधी हे करा. आणि पैसे एजन्सीमार्फत नको, थेट त्याच्या खात्यात.

राहता राहिला कपडा. मला पहिल्या दिवशी मिळालेला पिवळा कोट सहा फुटी पुरुषाचा होता. घरी मशिनवर मी तो वीतभर दुमडून शिवला, तरी अख्खा हिवाळा त्याच्या बाह्या काठीवरून घसरत राहिल्या. जॅकेट आणि रेनकोट आधी माप घेऊन मगच आणा. बाई ठेवलीत तर बाईच्या मापाचा, आणि पावसाळी बूटही.