नॉब हातात, इको हाताबाहेर

प्रश्न : झाडीपट्टीतल्या नाटकांना मी साउंड सांभाळतो. यंदा लॅपटॉपवर रीपर हे आवाज मिसळायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते हाताने चालवायला आठ नॉब, आठ बटणांचा यूएसबी मिडी कंट्रोलर जोडला. नॉबला हात लागला की इको एकदम उसळतो. आवाजाला घुमारा देणाऱ्या रिव्हर्बचं बटण दाबून धरलं तेवढाच वेळ चालतं. आणि लाइन जाऊन जनरेटर सुरू झाला की नॉब कामच करत नाहीत. काय करावं?
– एक वाचक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

उत्तर : नॉब फक्त ० ते १२७ मधला एक आकडा पाठवतो. काल तो १०० वर राहिला आणि आज फाइल उघडल्यावर पडद्यावरचा इको २० वर असला, तर नॉब जरासा हलताच इको थेट १०१ वर जातो. त्यासाठी इफेक्टच्या खिडकीतला तो स्लायडर माउसने थोडा हलवा, ‘पॅरम’मधून ‘लर्न’ घ्या, नॉब फिरवा आणि ‘सॉफ्ट टेकओव्हर’वर खूण करा. मग नॉब पडद्यावरच्या जागेपर्यंत पोचल्याशिवाय आवाजाला हात लागत नाही. लर्नच्या खिडकीत आकडाच उमटला नाही, तर प्रेफरन्सेसमध्ये त्या कंट्रोलरचं इनपुट कंट्रोल संदेशांसाठी चालू करायचं राहिलंय.

इकोच्या फीडबॅकला, म्हणजे इकोचा किती आवाज पुन्हा इकोत जातो त्याला, मात्र मोकळा नॉब देऊ नका. १०० टक्क्यांना इको विरतच नाही, त्यापुढे वाढतच जातो. भरल्या मंडपात तो आवरेपर्यंत प्रवेश संपलेला असतो. कंट्रोलरसोबत मिळणाऱ्या एडिटर सॉफ्टवेअरमध्ये त्या नॉबची कमाल ७० करा. ० ते १०० टक्क्यांच्या पट्टीवर हे ५५ टक्के होतात, संवादांना पुष्कळ झाले. आवाज किती वेळाने परत ऐकू यावा, त्या इकोच्या वेळेच्या स्लायडरलाही नॉब नको. एक सेकंदाच्या पट्टीवर नॉबची एक पायरी जवळजवळ ८ मिलिसेकंदांची पडते आणि चालू आवाजात ती फिरवली की सूर हलतो किंवा खरखर येते. वेळ तालमीतच ठरवून ठेवा.

बटण ‘मोमेंटरी’वर आहे : दाबलं की १२७, सोडलं की ०. एडिटरमध्ये ते ‘टॉगल’ करा. पण ते बायपासला, म्हणजे इफेक्टच बंद-चालू करण्याला, लावलं तर रिव्हर्बची शेपटी मध्येच तुटते. रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवून माईकच्या ट्रॅकवरून सेंड द्या, म्हणजे तिथला आवाज रिव्हर्बच्या ट्रॅककडेही पाठवा, आणि तो सेंड बंद-चालू करा. आधी गेलेला आवाज आपोआप विरेल.

जनरेटरच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण कंट्रोलर अ‍ॅडॉप्टरवाल्या यूएसबी हबवर असेल तर क्षणभर बंद पडतो आणि रीपरला तो परत सापडत नाही. हब काढा, कंट्रोलर थेट लॅपटॉपला लावा. तरीही सुटलाच तर प्रेफरन्सेसमध्ये मिडीच्या पानावरचं ‘रीसेट ऑल मिडी डिव्हाइसेस’ दाबा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूणही काढा. कंट्रोलर रोज एकाच खाचेत लावा. तिथे रंगीत चिकटपट्टी लावली की अंधारातही चुकत नाही.